ट्विस्ट म्हणजे काय, ते कळवणे

५ जानेवारी

मास्तर,

पत्र माझं आहे म्हणून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. मला फक्त एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा आहे. तो मिळाला की मी माझ्या वाटेने, तू तुझ्या. फोन करता आला असता, पण फोन सायकलवाल्याच्या दुकानात. तिथे पंक्चर काढायला आलेली माणसं कान टवकारून बसतात. शिवाय तुझा आवाज ऐकला की माझा चढतो. त्यापेक्षा कागद बरा.

तर झालं असं. आपल्या नाट्यगृहाची डागडुजी चालली आहे. तिथले व्यवस्थापक परवा स्वतः आपल्या शेडवर आले. मोठ्या पडद्याचा दोर कुजला आहे, नवा हवा. नायलॉनचा नको, त्याने पडदा ओढणाऱ्याचे तळवे भाजतात. वाखाचाच हवा, तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड आणि जवळजवळ आपल्या शेडच्या लांबीचा. इतका लांब दोर कित्येक वर्षांत कुणी मागितला नव्हता. मी हो म्हणून बसलो. मार्चअखेरीला पडदा उघडायचा आहे.

सोबत त्यांच्या इंजिनियरने इंग्रजीत टाइप केलेला कागद दिला. सायकलवाल्याच्या मुलीने वाचून दाखवला. वर लिहिलंय, दोराला ट्विस्ट कडक हवा. खाली लिहिलंय, ओझं आल्यावर दोर ट्विस्ट होता कामा नये. म्हणजे पीळ हवा आणि पीळ नको. त्यात चहा पिता पिता व्यवस्थापक म्हणतात, "पहिलंच नाटक जबरदस्त आहे हो, शेवटी मोठा ट्विस्ट आहे!" मी विचारलं, "म्हणजे शेवटच्या टोकाला दोर वेगळा वळायचा का?" ते इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. अर्थ मात्र सांगितला नाही.

तू इंग्रजी शिकवतोस. तेव्हा ट्विस्ट म्हणजे नेमकं काय, ते कळवणे. बाकी काही लिहायची गरज नाही.

बाबा

ता. क. बाळा, मी आई. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून कोपऱ्यात लिहिते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं चाललंय यांचं. सायकलवाल्याच्या मुलीकडे उशीएवढा शब्दकोश आहे. ती म्हणाली, "काका, लगेच सांगते बघून." तर म्हणाले, "नको, शब्दकोशात सगळं घाईघाईने लिहिलेलं असतं." तेव्हा दोन ओळी जास्त लिही. सूनबाईला आशीर्वाद.

१४ जानेवारी

ती. बाबा,

नमस्कार. पाकिटावर तुमचं अक्षर पाहून आमच्याकडे पहिला प्रश्न आला, "कोण गेलं?" कुणी गेलं नाही, उलट कुणीतरी आलं आहे, असं मी हिला सांगितलं.

तुमच्या शब्दाबद्दल. आपण कपडे पिळतो, दोर वळतो, कान पिरगळतो, पाय मुरगळतो, नाक मुरडतो, दिलेला शब्द फिरवतो. इंग्रज या सगळ्याला ट्विस्ट म्हणतो आणि मोकळा होतो. म्हणून तुमच्या कागदावर घोटाळा झाला. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ पीळ. दोर घट्ट वळलेला असावा. दुसऱ्या ठिकाणी अर्थ आहे गरगर फिरणं. ओझं लटकल्यावर दोराने स्वतःभोवती फिरू नये. तिसरा व्यवस्थापकांचा. गोष्ट सरळ चालली आहे असं वाटत असताना तिने एकदम वेगळंच वळण घेतलं, की त्याला ट्विस्ट म्हणतात. त्याचा दोराशी संबंध नाही. टोकापर्यंत सारखाच वळा.

आपण ठीक असालच. आईला नमस्कार.

आपला

ता. क. (आईसाठी) या दोन ओळी जास्तीच्या. ही दुसरी.

२२ जानेवारी

मास्तर,

उत्तर पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. मुलांचे निबंध तूच तपासतोस ना? त्यांची दया येते.

अर्थ समजला, पण पटला नाही. फिरू नये म्हणून काय करायचं ते मला ठाऊक आहे. सूत एका बाजूला पिळायचं, पेड उलट्या बाजूला, मग दोर पुन्हा पहिल्या बाजूला. एकाने उसवायला बघितलं की दुसरा त्याला घट्ट धरतो. माझी तक्रार शब्दाबद्दल आहे. कान पिरगळणं आणि दोर वळणं यांत काही फरक आहे की नाही? कान पिरगळून दोर होत नाही. तुझ्यावर करून बघितलं आहे. एवढी सगळी कामं एका शब्दाच्या डोक्यावर कुणी घातली? मुळात हा शब्द आला कुठून? तो जन्मला तेव्हा त्याचा अर्थ काय होता? मला मूळ सांग. फांद्या नकोत.

वाख उत्तम मिळाला आहे, लांब आणि केसासारखा मऊ. तुझी आई चाक फिरवते आणि मी कमरेला वाख बांधून सूत सोडत मागे मागे जातो. 'आयुष्यभर उलटं चालणं मला जमणार नाही' असं म्हणून तू गेलास, तेच ते चालणं. अजून मजेत जमतं. सध्या मात्र मी खुर्चीत बसून झालेल्या सुताची पाहणी करतो. वयाप्रमाणे थोडं बसून काम केलेलं बरं.

बाबा

ता. क. पाहणी कसली डोंबलाची! यांचा पाय मुरगळलाय. उलटं चालताना सायकलवाल्याच्या मांजरावर पाय पडला. मांजर ठणठणीत आहे. हे खुर्चीत. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधलाय, मलम दिलंय आणि महिनाभर शेडमध्ये जायचं नाही म्हणून सांगितलंय. त्यांच्यासमोर "बरं" म्हणाले आणि घरी येऊन खुर्चीच शेडमध्ये नेऊन टाकली. सूत आता मी सोडते आणि चाक सायकलवाला फिरवतो, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा. तुला हे कळवू नये अशी मला ताकीद आहे, म्हणून मी कळवलेलं नाही.

३० जानेवारी

ती. बाबा,

मला काहीच कळलेलं नाही, त्यामुळे पायाला शेक देत जा आणि तो उशीवर उंच ठेवत जा, असं मी लिहिणार नाही.

मूळ शोधायला कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसलो. ग्रंथपाल म्हणाले, "परीक्षा जवळ आली का?" म्हटलं, "हो, माझी." तर ऐका. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ट्विस्ट हे क्रियापद नव्हतंच. कुणी काही पिळत नव्हतं, मुरगळत नव्हतं. ते एका वस्तूचं नाव होतं, आणि ती वस्तू म्हणजे दोर! जहाजाची डोलकाठी ज्या दोराने ताणून धरायची त्याला ते 'डोलकाठीचा ट्विस्ट' म्हणत. म्हणजे कान, पाय, नाटक हे सगळे नंतर आले. आधी तुमचा माल आला.

आता त्याच्याही मागे जाऊ. या शब्दाच्या पोटात 'दोन' आहे. त्यांचं टू, आपलं द्वि आणि दोन, ही सगळी एकाच घराण्यातली माणसं. ट्विस्ट म्हणजे ज्यात दोन आहेत असं काहीतरी. दोन पेड एकत्र आले की दोर होतो, म्हणून ट्विस्ट. पण गंमत पुढेच आहे. याच घराण्यातला, अगदी याच स्पेलिंगचा शब्द डच भाषेत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आहे भांडण. एकाचे दोन झाले, म्हणून. जुन्या इंग्रजीत फांदी जिथे दुभंगते त्या बेचक्यालाही ट्विस्ट म्हणत. तेव्हा पंडितांचं अजून ठरलेलं नाही. काही म्हणतात मूळ अर्थ दोघांचं एक होणं, काही म्हणतात एकाचे दोन होणं.

घराण्यात आणखीही मंडळी आहेत. ट्वाइन म्हणजे सुतळी. बिट्वीन म्हणजे दोघांच्या मध्ये. आणि ट्विन म्हणजे जुळं. हा शब्द सध्या आमच्या घरात रोज दोघांच्याही तोंडी असतो. असो.

पेड वळायला कुणाला घेणार आहात? सायकलवाल्याला चाक जमेल, पण पेड वेगळे धरणारा लाकडी ठोकळा घेऊन कोण चालणार?

आपला

६ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र आवडलं असं मी म्हणणार नाही, पण खिशात ठेवलं आहे. व्यवस्थापक आले होते, त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, "हजार वर्षांपूर्वी तुमचा ट्विस्ट माझ्या दुकानात मिळायचा, नाटकात नाही." ते म्हणाले, "हे मी कार्यक्रमाच्या आधी भाषणात सांगणार." बघ, तुझ्या अभ्यासाचा शेवटी काहीतरी उपयोग झाला.

आता माझं म्हणणं. दोन पेडांचा दोर हा काही दोर नव्हे. दोन पेडांनी फार तर बोचकं बांधावं. डोलकाठी धरायची तर तीन हवेत. तेव्हा दोन म्हणणाऱ्या तुझ्या पंडितांनी शेड बघितलेली दिसत नाही. आणि डच लोकांचं म्हणशील तर भांडायलाही माणसं जवळ असावी लागतात. दूरवरून कुणी भांडत नाही, दूरवरून नुसतं गप्प बसतात. म्हणून मला वाटतं की

अरे बाळा!!! मी आई. यांच्या हातातून पेन ओढून घेतलंय. आज पाच-सहा दिवस हे तुझं पत्र खिशात घालून गावभर मिरवतायत, लंगडत लंगडत, आणि मला म्हणे "शब्दांचं आहे, तुला कंटाळा येईल." आत्ता सदरा धुवायला घेतला तेव्हा हाती लागलं. "हा शब्द सध्या आमच्या घरात रोज दोघांच्याही तोंडी असतो. असो." असो काय असो? कुणाला असो? सूनबाईला दिवस गेलेत ना? आणि जुळी? तुझी जीभ झडली होती का रे सरळ सांगायला? बापाचा पीळ बापाकडे आणि लेकाचा लेकाकडे, सुंभ जळायची वेळ आली तरी दोघांचा सुटायचा नाही. कितवा महिना? तिची तब्येत कशी आहे? तिला भूक लागते का? उलट टपाली कळव!

वरचं अक्षर तुझ्या आईचं आहे, ओळखलं असशील. मी तुझं पत्र कितीदा तरी वाचलं. मला ट्विस्ट दिसला, ट्विन दिसला नाही. आईने एकदा वाचलं आणि तिला फक्त तेवढंच दिसलं.

पुढे काय लिहिणार होतो ते आठवत नाही. सायकलवाला विचारतोय की काका हसताय की रडताय. त्याला म्हटलं, पाय दुखतोय.

बाबा

१३ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना,

नमस्कार. होय, खरं आहे. सातवा महिना चालू आहे, दोघं आहेत. सरळ सांगायला हवं होतं. पण मागच्या वर्षी एकदा असंच होऊन राहिलं नाही. त्या वेळी हिने खूप सोसलं. म्हणून या वेळी कुणालाच सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, अळीमिळी गुपचिळी. मग बाबांचं पत्र आलं आणि उत्तरं लिहिता लिहिता माझ्या पोटात काही राहीना.

ही आनंदात आहे, भूकही भरपूर आहे. पण डॉक्टरांनी आता पडून राहायला सांगितलं आहे. जुळी असली की दिवस भरायच्या आधीही होऊ शकतं म्हणतात. मी कॉलेजला गेलो की ही एकटी. तिला आई नाही, तुम्हाला माहीतच आहे. आई, तू येशील का? सूत सध्या तू सोडतेस आणि दोराची तारीख ठरलेली आहे, हे मला कळतं. जमणार नसेल तर तसं लिही, आम्ही काहीतरी व्यवस्था करू.

आपला

ता. क. आई, बाबा, मी तुमची सून. यांनी हे पत्र लिहून लिहून फाडलं, टोपली भरली. शेवटी मी म्हटलं, "या खेपेला फाडलंत तर मी उठून स्वतः पोस्टात जाईन." बाबा, तुम्ही मला एकदाही पाहिलेलं नाही, पण मी तुम्हाला थोडी ओळखते. हे तुमच्याबद्दल बोलायला लागले की यांचे हात हवेत दोर वळत असतात. यांना ते कळत नाही. सांगू नका.

२० फेब्रुवारी

मास्तर,

आईला पाठवतो आहे. हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. आणखी तीन पिशव्या आहेत, त्यांत काय आहे ते विचारू नकोस. मी विचारलं तर म्हणाली, "जुळी आहेत, सगळं दुप्पट लागतं."

तिने आधी नाही म्हटलं होतं. म्हणे, "तुमचा पाय असा, दोर अर्धा, मी कशी जाऊ?" मी म्हटलं, "सूत पुरेसं झालंय. पेड आणि दोर मी बघतो. व्यवस्थापकाला दुसरा दोरवाला मिळेल, सूनबाईला दुसरी सासू कुठून मिळणार?" तेव्हा माझं ऐकलं आणि पिशव्या काढायला उठली. आपल्या घरात असं क्वचित होतं.

आता तुझ्यासाठी सूचना. आई पहाटे उठून भांडी वाजवते, वाजवू दे. तिला आराम कर म्हणू नकोस, ती भडकते. सूनबाईला सांग की तिच्या ओळी वाचल्या. दोनदा.

माझी काळजी करू नकोस. सायकलवाला रोज दुपारी येतो. चाक फिरवताना त्याला जोर चढतो, पायडल मारल्यासारखं फिरवतो. पेड झाले आहेत आणि बरे झाले आहेत. तिन्ही एकत्र वळायचे तेवढे राहिले. त्याला ठोकळा घेऊन सावकाश चालणारं माणूस लागतं, ते मिळेल. तू इकडे यायची काही गरज नाही. म्हणजे रजा शिल्लक असेल आणि वाया जाणार असेल तर गोष्ट वेगळी. पण गरज नाही.

बाबा

९ मार्च

अगं,

तुझा मुलगा येऊन गेला, तुला माहीत आहेच. पण इथे काय झालं ते तो धड सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये खुर्चीत बसून तीन पेड बघत होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले, सुरेख. नुसते बघायलाच. दारात उजेड अडला. बघतो तर मास्तर. चष्मा लागलाय, पोट थोडं सुटलंय. मी म्हटलं, "चष्मा केव्हा लागला?" तो म्हणाला, "तुमचा पाय केव्हा मुरगळला?" 

त्याने बॅग ठेवली आणि बाह्या वर केल्या. म्हणाला, "आई आहे तिकडे, म्हणून दोन दिवस सुटलो. ठोकळा कुठे आहे?" जिथे असतो तिथेच होता. खोबणीत तेल घालून, तीन खोबण्यांत तीन पेड बसवून, तो माझ्याकडच्या टोकाला उभा राहिला. सायकलवाला त्या टोकाला चाकावर. माझ्याकडे वजनाची गाडी, दोर आखडेल तशी पुढे सरकणारी. तीही मी खुर्चीत बसूनच सांभाळणार होतो, शपथ.

"चालू का?" तो म्हणाला.

"सावकाश. निबंध तपासतोस तसा नको."

आणि गं, तो चालायला लागला. त्याच्या मागे दोर जमत गेला, एकसारखा, घट्ट. मी ओरडलो, "पीळ बघ, डावीकडचा पेड सैल आहे!" तो ओरडला, "सैल नाही, तुमचा चष्मा बदला!" मी म्हटलं, "मला चष्मा नाही!" तो म्हणाला, "तेच म्हणतोय!" सायकलवाला चाक सोडून हसायला लागला, त्याला दोघांनी मिळून झापलं. मी डच लोकांचं पुन्हा काढलं. तो म्हणाला, "बाबा, पंडितांचा कल दोराकडेच आहे हल्ली." मी म्हटलं, "कल कसला, खात्री हवी." असं करत करत तो शेडच्या निम्म्याच्या पुढे गेला. पाठमोरा होता, तरी तो कुठे थांबून घाम पुसणार ते मला आधीच कळत होतं.

तेवढ्यात सायकलवाल्याची मुलगी धावत आली. "दादा, तुमच्या आईचा फोन! वहिनींना दवाखान्यात नेलंय!"

तो ठोकळा धरून तसाच उभा.  मी म्हटलं, "जा."

तो म्हणाला, "अर्धा झालाय. मी सोडला तर सगळा उसवेल. एवढा पुरा करतो, मग गाडीही लगेच—"

"सोड."

"बाबा, पेडसुद्धा खराब होतील. तारीख..."

मी खुर्चीतून उठलो. हो, उठलो, रागावू नकोस. म्हटलं, "अरे दोर पुन्हा वळता येतो. ठोकळा सोड आणि पळ!"

त्याने सोडला. काय सांगू, सगळा दोर साप चावल्यासारखा उसळला. गरागरा उलटा फिरला, वेटोळी झाली, गाठी पडल्या, एक पेड सायकलवाल्याच्या टोपीसकट छताच्या वाशाला जाऊन लटकला. महिन्याभराचं काम चहाचा घोट घ्यायच्या आत जमिनीवर. आणि तुझा मुलगा त्यातून उड्या मारत दाराकडे पळत होता. सायकलवाल्याने त्याला स्कूटरवर मागे बसवून स्टेशनला नेलं. मी शेडमध्ये एकटा उरलो आणि मला हसू आवरेना. का ते विचारू नकोस.

तो वेळेवर पोचला का? सायकलवाल्याच्या दुकानात बसून हे लिहितो आहे. फोन काही वाजत नाही. वाजतो तेव्हा टायरवाल्याचा असतो.

तुझा

१२ मार्च

अहो,

फोनवर तुम्हाला एवढंच कळलं की सगळं सुखरूप. मी पुढचं सांगत होते तर तुम्ही तिकडे मोठ्याने सगळ्या दुकानाला सांगायला लागलात आणि फोन ठेवून दिलात! तेव्हा नीट वाचा.

मुलगा आणि मुलगी. मुलगी आधी, मुलगा तिच्या पाठोपाठ, पण आरडाओरडा त्याचाच जास्त. दिवसांच्या आधी आलीत म्हणून लहानखुरी आहेत. काही दिवस दवाखान्यात राहावं लागेल, पण डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, दोघंही दूध ओढतात. सूनबाई थकली आहे आणि हसते आहे. मला म्हणाली, "आई, तुम्ही होतात म्हणून मी घाबरले नाही." मी पण घाबरले नव्हते असं तिला सांगितलं. तुम्हाला खरं सांगते, दवाखान्यात मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले होते.

तो वेळेवर पोचला. अंगभर वाखाचे तंतू, केसांत, मिशीत, सगळीकडे. परिचारिका म्हणाली, "हे कोण गवत विकणारे?" म्हटलं, "मुलांचे वडील आहेत. आधी आंघोळ घालू, मग दाखवू." मुलांना बघून त्याने आधी दोघांची बोटं मोजली, दोनदा.  मग बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, "आई, बाबांनी दोर सोडायला लावला." एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पाय कसा आहे? खरं लिहा. दोराचं काय झालं? आणि तुम्ही इकडे कधी येताय?

तुमची

२४ मार्च

सगळ्यांस,

सूनबाई, तू, तुझी सासू, तुझा नवरा आणि ती दोघं, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. मास्तरने मोठ्याने वाचून दाखवावं.

दोर झाला. गुंता सोडवायला आठवडा गेला. दोन पेड वाचले, एक नव्याने करावा लागला. व्यवस्थापकांना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं ते संतापतील. ते म्हणाले, "जुळी? अहो मग मला पेढे देण्याऐवजी कामालाच लावा!" आणि धुतलेल्या सदऱ्यात चाकावर उभे राहिले. सायकलवाला ठोकळा घेऊन चालला. त्याला दर चार पावलांनी मागून ओरडत होतो, "हळू! पंक्चर नाही काढायचं!" डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, म्हणाल्या, "तुम्ही विश्रांती घेतलीत म्हणून बरा झाला." मी मान डोलावली.

काल नाट्यगृहात दोर चढवला. पडदा सरसर वर गेला, खाली आला, पुन्हा गेला. पडदा ओढणाऱ्या माणसाने हात पुढे करून मला तळवे दाखवले. लाल नव्हते. नाटक मात्र मी बघणार नाही. शेवटी काय ट्विस्ट आहे ते व्यवस्थापकांनी कानात सांगून टाकलं. तुम्हाला सांगणार नाही.

मास्तर, आता एक तुझ्यासाठी. तू जन्मलास तेव्हा वाखाच्या हंगामात माझ्या हातांना इतक्या भेगा होत्या की तुझं अंग खरचटेल म्हणून मी तुला उचलायचोच नाही. आई म्हणायची, घ्या हो. मी म्हणायचो, मोठा होऊ दे. मी तुझ्या पाळण्याजवळ बसून नुसता बघायचो. तू हात हलवायचास. मग तू चालायलाच लागलास आणि उचलायचं राहून गेलं.

पायाचं मलम उरलं होतं. गेला आठवडाभर रोज दुपारी हातांना चोळतो आहे. आज तळवा स्वतःच्या गालावरून फिरवून बघितला, टोचत नाही. सायकलवाल्याच्या मांजरालाही विचारलं, त्याचीही तक्रार नाही.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. आल्यावर दोघांना एकदम घेणार आहे, एकाला आधी आणि एकाला मग असं नाही. फक्त एवढं लहान मूल धरतात कसं, ते मला येत नाही. मान कुठे, हात कुठे, सगळं तूच शिकव.

बाबा